मासा मेला नाही, एवढंच?

कारखान्याचं सांडपाणी प्रक्रिया केंद्र पाहायला गेलं की फेरीच्या शेवटी पाहुण्यांना एक टाकी हमखास दाखवतात. कधी काचेची पेटी असते, कधी निळ्या फरशीचा छोटा हौद. मध्ये कारंजं आणि पाण्यात पाच-पंचवीस रंगीत मासे. ‘हे आमच्या प्रक्रिया केलेल्या पाण्यातले,’ असं सांगितलं जातं. पाहुणे खूश होतात, फोटो काढतात आणि चहाला जातात. मी अशा तीन-चार टाक्या पाहिल्या आहेत. एका ठिकाणी मंडळी पुढे गेल्यावर मी मागे रेंगाळलो आणि टाकीची देखभाल करणाऱ्या माणसाला विचारलं, हे मासे किती दिवसांचे? तो सरळ माणूस होता. म्हणाला, ‘मेले की नवे सोडतो, साहेब.’

खोटं तो काहीच बोलत नव्हता. त्याला तोवर कुणी विचारलं नव्हतं, इतकंच. मला राग आला तो त्या टाकीचा. कारण पाण्यातल्या जिवाला साक्षीला बोलावण्याची कल्पना मुळात फार चांगली आहे आणि या टाक्यांनी तिची जत्रेतली करमणूक करून टाकली आहे.

खऱ्या जैवचाचणीत, म्हणजे सजीव ठेवून पाणी तपासताना, शेजारी दुसरं भांडं असतं. त्यात स्वच्छ पाणी, तेवढेच जीव, तेच तापमान, तोच उजेड. सांडपाण्यातले जीव मेले आणि स्वच्छ पाण्यातलेही मेले, तर चाचणी रद्द. त्याहून गंमतीची गोष्ट म्हणजे प्रयोगशाळेला मधूनमधून मुद्दाम विष घालून पाहावं लागतं. डॅफ्निया नावाच्या पाण्यातल्या पिटुकल्या जिवावरच्या चाचणीत त्यासाठी पोटॅशियम डायक्रोमेट वापरतात. २४ तासांत निम्मे जीव निश्चल करणारं त्याचं प्रमाण लिटरमागे ०.६ ते २.१ मिलिग्रॅमच्या दरम्यान यायला हवं. त्यापेक्षा जास्त विष पचवणारे जीव निघाले, तर ते निबर झाले आहेत, त्यांची साक्ष ग्राह्य नाही. म्हणजे साक्षीदार खरं बोलायच्या स्थितीत आहे की नाही, हे आधी तपासायचं. कारंज्याच्या टाकीत यातलं काय आहे? वर हवेचा पंप चालू, रोज खाऊ, काटक जातीचे मासे, मेलेल्यांची नोंद नाही. जिच्यात नापास होण्याची सोयच नाही, ती चाचणी कशाची?

अशा देखाव्याचं सर्वांत भयंकर उदाहरण जपानमधल्या मिनामाताचं आहे. तिथल्या चिस्सो कंपनीच्या कारखान्यात पाऱ्याचं उत्प्रेरक वापरून अ‍ॅसिटाल्डिहाइड हे रसायन तयार होत असे आणि सांडपाणी समुद्रात जाई. १९५६ च्या मे महिन्यात कंपनीच्याच इस्पितळाचे प्रमुख डॉ. हाजिमे होसोकावा यांनी मज्जासंस्थेच्या एका अनोळखी आजाराची वर्दी दिली. पुढे १९५९ मध्ये त्यांनी एक अगदी साधा प्रयोग केला. अ‍ॅसिटाल्डिहाइड विभागाचं सांडपाणीच मांजरीच्या खाण्यात मिसळलं आणि वाट पाहिली. प्रयोगाच्या नोंदीत त्या मांजरीचा क्रमांक ४०० होता. काही आठवड्यांत तिला गावातल्या रोग्यांसारखेच झटके येऊ लागले. कंपनीने प्रयोग थांबवायला लावला आणि निष्कर्ष दडपला. त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये नव्या शुद्धीकरण यंत्रणेचा मोठा समारंभ झाला आणि कंपनीच्या अध्यक्षांनी तिथलं ‘शुद्ध’ पाणी लोकांसमोर पेलाभर पिऊन दाखवलं. ती यंत्रणा विरघळलेला पारा काढण्यासाठी बनवलेलीच नव्हती आणि अ‍ॅसिटाल्डिहाइड विभागाचं पाणी त्या वेळी तिच्यातून जातही नव्हतं. कारखान्यातला पारा हेच रोगाचं कारण, हे सरकारने अधिकृतपणे मान्य केलं ते १९६८ मध्ये. होसोकावांनी मांजरीची हकीकत न्यायालयासाठी सांगितली ती १९७० मध्ये, इस्पितळातल्या खाटेवरून, मृत्यूच्या काही महिने आधी.

या गोष्टीत दोन प्रात्यक्षिकं आहेत, एक पेल्याचं आणि एक मांजरीचं. मांजरीच्या प्रयोगात एक गोष्ट मोलाची आहे: त्या पाण्यात नेमकं काय आहे हे ठाऊक नसतानाही ते पाणी काय करतं हे कळलं. सांडपाण्याच्या विषारीपणाच्या चाचणीचं मर्म तेवढंच आहे.

आपण सांडपाणी मोजतो ते मात्र बहुतेक वेळा उलट्या बाजूने. पीएच किती, तरंगणारे कण किती, बीओडी आणि सीओडी किती. यादीतल्या प्रत्येक रकान्यासमोर आकडा आणि आकड्यासमोर मर्यादा. हे आकडे निरुपयोगी आहेत असं मी म्हणत नाही. बीओडी म्हणजे पाण्यातली घाण कुजवताना जिवाणूंना लागणारा प्राणवायू. तो जास्त असेल तर नदीतला प्राणवायू संपतो, मासे गुदमरतात. तो मोजायलाच हवा. पण सीओडी म्हणजे पाण्यातल्या पदार्थांचं रासायनिक ऑक्सिडीकरण करायला किती प्राणवायू लागतो याचा हिशेब. साखरेच्या पाण्याचा आणि कीटकनाशकाच्या पाण्याचा सीओडी सारखा येऊ शकतो. पंपाजवळ बसवलेला, दर काही मिनिटांनी आकडे पाठवणारा मीटर साखर आणि विष यांत फरक करत नाही. त्याला तो करता येत नाही.

मग यादी लांबवू, असं रसायनशास्त्रज्ञ म्हणतात. अमेरिकेने १९७० च्या दशकात विषारी प्रदूषकांची जी प्राधान्य यादी केली, ती १२६ वर स्थिरावली. आज जगभरच्या नोंदवह्या एकत्र केल्या तर उत्पादनासाठी आणि वापरासाठी नोंदलेली रसायनं आणि मिश्रणं साडेतीन लाखांच्या घरात जातात. त्यांची एकमेकांशी, क्लोरीनशी, सूर्यप्रकाशाशी अभिक्रिया होऊन जी नवी तयार होतात, त्यांची नोंद कुठेच नसते. आणि जी यादीत आहेत, त्यांच्याही मर्यादा एकेकट्याने ठरवलेल्या. २००२ मध्ये लंडनच्या संशोधकांनी आठ सौम्य संप्रेरकसदृश रसायनं घेतली. प्रत्येकाचं प्रमाण इतकं कमी ठेवलं की एकट्याचा परिणाम दिसू नये. आठही एकत्र केल्यावर परिणाम स्पष्ट दिसला. कागदावर प्रत्येक रकाना ‘मर्यादेत’ आणि भांड्यातलं मिश्रण घातक, हे सहज शक्य आहे.

रकान्यांबाहेरचं विष कसं सापडतं याची अलीकडची एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावर, सिअ‍ॅटलच्या परिसरात, अंडी घालायला समुद्रातून ओढ्यांत येणारे कोहो सामन मासे पाऊस पडला की अंडी घालण्याआधीच तडफडून मरत. वर्षानुवर्षं हे चाललं होतं. धातू, कीटकनाशकं, तेलातले घटक, यादीतलं सगळं तपासून झालं. कशाचाच मेळ बसेना. शेवटी संशोधकांनी गाड्यांच्या टायरचा चुरा पाण्यात भिजवला, त्या अर्काचे भाग पाडले आणि प्रत्येक भाग कोहोच्या पिल्लांना दिला. ज्या भागात पिल्लं मरतील तो ठेवायचा, बाकीचे टाकायचे. मग त्याचे आणखी भाग. दोन हजारांहून अधिक रसायनांच्या त्या खिचडीतून २०२० मध्ये एक हाती लागलं: टायर टिकावं म्हणून रबरात घालतात त्या ६पीपीडी नावाच्या पदार्थापासून, हवेतल्या ओझोनमुळे बनणारं, क्विनोन या गटातलं एक रसायन. ते कुणाच्याच यादीत नव्हतं. माशांनी वाट दाखवली म्हणून ते सापडलं. त्याच ओढ्याच्या पाण्यात चम सामन ही जवळच्या नात्यातली जात मात्र आरामात जगते. चाचणीसाठी चम निवडला असता तर पाणी उत्तम ठरलं असतं. ही बाब मी पुढच्यासाठी राखून ठेवतो.

कायद्यांनी पाण्यातल्या जिवांची साक्ष पूर्वीच मान्य केली आहे. भारतातल्या सांडपाण्याच्या सर्वसाधारण मानकांत एक ओळ आहे: न पातळ केलेल्या सांडपाण्यात ९६ तासांनंतर ९० टक्के मासे जिवंत असावेत. कॅनडाने १९९२ मध्ये कागद गिरण्यांसाठी नियम केला की शंभर टक्के सांडपाण्यात ९६ तासांत निम्म्याहून जास्त रेनबो ट्राउट मासे मेले, तर ते पाणी सोडणं बेकायदा. जर्मनीत तर सांडपाण्यावरची आकारणी ठरवताना इतर प्रदूषकांबरोबर त्याचा माशांच्या अंड्यांवर होणारा विषारी परिणामही धरतात. पाणी जितकं विषारी, तितका भार जास्त. मला हा जर्मन हिशेब आवडतो, कारण तिथे विषारीपणा ही हो-नाहीची बाब न राहता मोजमापाची होते.

माझं म्हणणं आता सांगतो. सांडपाणी सोडण्याचा परवाना सजीवांवरच्या चाचणीवर बेतला पाहिजे, आणि त्या चाचणीचा प्रश्न ‘मेला की जगला’ एवढ्यावर थांबता कामा नये. बहुतेक ठिकाणी आज तो तिथेच थांबतो. चार दिवस तगलेला मासा म्हणजे स्वच्छ पाणी, असा अर्थ काढून फाईल बंद होते. एखाद्या माणसाला आपण चार दिवस खोलीत कोंडलं आणि तो जिवंत बाहेर आला, तर त्या खोलीला राहण्यायोग्य म्हणू का?

मिनामाताचंच पाणी घ्या. तिथलं विष म्हणजे मिथिल पारा, पाऱ्याचं सेंद्रिय रूप; तो अन्नसाखळीत साठत जातो, वर चढत जातो. एवढ्यातेवढ्या प्रमाणात तो माशाला चार दिवसांत मारत नाही. मासा पोहतो, खातो, जाळ्यात सापडतो आणि ताटात येतो. ‘९६ तास जिवंत’ या कसोटीवर तसलं पाणी उत्तीर्ण होऊ शकतं. अमेरिकेत फ्लोरिडातल्या एका कागद गिरणीच्या खालच्या अंगाला ओढ्यात राहणाऱ्या डासखाऊ माशांच्या माद्यांना नरांसारखा पर (पोहण्याचा पंख) फुटल्याचं १९८० मध्ये नोंदलं गेलं. त्या माद्या मेल्या नव्हत्या, नर होऊ लागल्या होत्या. कॅनडातल्या प्रायोगिक सरोवरांपैकी क्रमांक २६० मध्ये २००१ ते २००३ अशी तीन वर्षं गर्भनिरोधक गोळीतलं संप्रेरक लिटरमागे ५ ते ६ नॅनोग्रॅम इतकं ठेवलं. फॅटहेड मिनो या छोट्या माशांचे नर मादीसारखे होऊ लागले, अंड्यांतलं प्रथिन नरांच्या शरीरात तयार व्हायला लागलं, आणि त्या माशांची वसाहत जवळजवळ नाहीशी झाली. मेलेले मासे तरंगताना कुणी पाहिले नाहीत. नवे जन्मलेच नाहीत, म्हणून तळं रिकामं झालं.

आणखी एक उदाहरण आपल्या देशातलं, हैदराबादजवळच्या पतांचेरूचं. तिथल्या औषध कारखान्यांचं सांडपाणी ज्या केंद्रात येत होतं, त्याच्या प्रक्रियेनंतरच्या पाण्यात २००७ मध्ये स्वीडिश संशोधकांना सिप्रोफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक लिटरमागे ३१ मिलिग्रॅमपर्यंत सापडलं. औषध घेतलेल्या रोग्याच्या रक्तातही इतकं नसतं. हा आकडा गाजला. त्यामानाने दुर्लक्षित राहिला तो त्याच पाण्यावरचा पुढचा प्रयोग: पाणी पाचशे पट पातळ केल्यावरही, म्हणजे ०.२ टक्के इतकं कमी असतानाही, बेडकाच्या पिल्लांची वाढ सुमारे ४० टक्क्यांनी खुंटली. पिल्लं जिवंत होती. वाढत नव्हती.

तेव्हा प्रश्न बदलायचा तर काय विचारायचं? यासाठी डॅफ्नियाशी ओळख करून घ्यावी लागेल. ही पाण्यातली पिसू, पण पिसवांशी हिचा संबंध नाही. ती कोळंबीच्या कुळातली. जन्मते तेव्हा जेमतेम मिलिमीटरभर. भिंगाखाली घेतली की अख्खं शरीर काचेसारखं आरपार दिसतं. एकच मोठा काळा डोळा सतत थरथरत असतो. पोटात गिळलेल्या शेवाळाची हिरवी रेघ, पाठीकडे धडधडणारं हृदय, आणि त्यामागे पिशवीत अंडी. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी हृदयाचे ठोके मोजायला बसलो होतो. तीनदा चुकलो आणि नाद सोडला. अनुकूल काळात ही नराशिवायच पिल्लं घालते आणि सगळ्या मुलीच होतात. अन्न आटलं, गर्दी झाली, दिवस लहान झाले, की मग ती मुलगे जन्माला घालते. संकटाशिवाय पुरुषांची गरज न वाटणारा हा समाज आहे, हे जाता जाता.

तिच्यावरची झटपट चाचणी अशी: २४ तासांच्या आतली पिल्लं, प्रत्येक भांड्यात पाच, प्रत्येक तीव्रतेला चार भांडी. ४८ तासांनी भांडं हलकेच फिरवायचं आणि १५ सेकंद पाहायचं. जी पोहायला लागली नाही ती ‘निश्चल’. इतक्या लहान जिवाचा मृत्यू ठरवणं अवघड, म्हणून हा व्यवहारी निकष. ते १५ सेकंद विचित्र असतात. तळाशी पडलेली एखादी पिसू अकराव्या-बाराव्या सेकंदाला एक स्पर्शक उचलते आणि पुन्हा पडते. ती पोहली म्हणायची का? नुसता स्पर्शक हलवणं म्हणजे पोहणं नव्हे, असं पद्धतीत लिहून ठेवलं आहे. पण ते लिहून ठेवावं लागलं, यातच किती जणांचे डोळे तिथे अडकले असतील ते कळतं.

मला जी चाचणी महत्त्वाची वाटते ती याहून लांब आहे, २१ दिवसांची. दहा पिसवा, दहा वेगळी भांडी, रोज शेवाळाचं जेवण आणि रोज पिल्लांची मोजणी. स्वच्छ पाण्यातल्या एका आईला २१ दिवसांत सरासरी किमान ६० पिल्लं व्हायला हवीत. नाही झाली तर प्रयोगशाळाच नापास. मग सांडपाण्यातल्या आईला किती झाली? साठाच्या जागी चाळीस झाली असतील तर आई ठणठणीत असूनही त्या पाण्यात काहीतरी आहे. अमेरिकेतल्या परवान्यांत वापरतात ती पद्धत याहून सुटसुटीत: सिरिओडॅफ्निया नावाची छोटी बहीण, सुमारे आठवड्याची चाचणी, तीन वेतांची मोजणी. म्हणजे ‘वेळ फार लागतो’ ही सबब आठवड्यापुरतीच उरते.

कारखानदारांचे आक्षेप मी ऐकले आहेत आणि त्यातले काही खरे आहेत. डॅफ्निया गोड्या पाण्यातली. सांडपाण्यात क्षार जास्त असले तर ती नुसत्या मिठानेच मरते. मग ‘विषारी’ असा शिक्का का? माझं उत्तर असं की, पुढे गोड्या पाण्याची नदी असेल तर तिथल्या पिसवाही मिठानेच मरणार आहेत. त्यांना कारणाचा फरक पडत नाही. पाणी समुद्रात जात असेल तर मात्र आक्षेप शंभर टक्के बरोबर आहे, तिथे खाऱ्या पाण्यातला जीवच वापरायला हवा. दुसरा आक्षेप अमोनियाचा. भांड्यातला कार्बन डायऑक्साइड उडून गेला की पीएच वर चढतो, आणि पीएच एकाने चढला की अमोनियाचं घातक रूप जवळपास दहापट होतं. म्हणजे जो विषारीपणा नदीत नव्हता तो भांड्यात तयार झाला. हाही आक्षेप खरा. पण पीएच धरून ठेवण्याच्या पद्धती आहेत आणि त्या न वापरणारी प्रयोगशाळा वाईट आहे, चाचणी नव्हे. शेवाळावरच्या चाचणीत तर कधी उलटच होतं: सांडपाण्यात नत्र आणि स्फुरद भरपूर असल्याने शेवाळ स्वच्छ पाण्यापेक्षा जोमाने वाढतं आणि विषाचा मार झाकला जातो. कुठलाच साक्षीदार निर्दोष नसतो. कोहो आणि चमची गोष्ट म्हणूनच राखून ठेवली होती. एका जातीवर कधीच भागत नाही. निदान एक शेवाळ, डॅफ्नियासारखा एक कवचधारी आणि एक मासा किंवा माशाची अंडी, असे तिघे तरी हवेत.

तिसरा आक्षेप मात्र मला पटत नाही: ‘चाचणी पाणी विषारी आहे एवढंच सांगते, कशाने ते सांगत नाही; आम्ही दुरुस्त काय करायचं?’ हे कोडं सोडवायची रीत १९८० आणि ९० च्या दशकांतच बसली आहे. नमुन्याचे भाग करायचे आणि प्रत्येकातून एकेक गट काढून टाकायचा. एका भागात ईडीटीए घाला, ते धातूंना धरून ठेवतं. त्यानंतर पिसवा जगल्या तर गुन्हेगार बहुधा धातू. दुसऱ्यात सोडियम थायोसल्फेट घाला, त्याने क्लोरीन निघून जातो. तिसरा भाग सी-१८ नावाच्या शोषक पदार्थाने भरलेल्या नळीतून गाळा, पाण्यात न रमणारी सेंद्रिय रसायनं तिथे अडकतात. चौथ्यात नुसती हवा सोडा, उडणारे पदार्थ उडून जातील. कशानंतर जीव तगतो ते पाहत पाहत विषाच्या दारापर्यंत पोहोचायचं. टायरच्या प्रकरणातही याच जातीचं काम झालं. त्यात पैसा आणि डोकं लागतं, हे खरं. पण पाण्यात काय आहे हे शोधण्याचा खर्च ते पाणी सोडणाऱ्याने करायचा की खाली ते उपसणाऱ्याने, हा माझ्या मते फार अवघड प्रश्न नाही.

आणि ‘नदीत गेल्यावर पातळ होतंच की’, हे तर सर्वांत जुनं. पावसाळ्यातल्या नदीबद्दल ते बोललेलं चालेल. कोरड्या महिन्यांत कित्येक ओढ्यांत आणि लहान नद्यांत सांडपाणी हाच प्रवाह असतो. पातळ करण्याचा हिशेब करायचाच असेल तर वर्षातल्या सर्वांत कमी पाण्याच्या दिवसांचा करा आणि तेवढ्या तीव्रतेला आईला किती पिल्लं झाली ते सांगा.

एका बाबतीत मात्र माझं मत बदललं आहे. पूर्वी मला वाटायचं, परवान्यासाठी मासे मारावे लागले तर लागोत. नदीतल्या लाखोंसाठी टाकीतले दहा. आता तसं वाटत नाही. ही माया कमी-जास्त होण्याची गोष्ट नाही. त्या दहा माशांच्या मरणातून मिळणारी माहिती फार थोडी आहे. माशाचं मोठं पिल्लू चार दिवसांत मेलं की नाही, हे झेब्रा माशाच्या फलित अंड्यावरूनही बहुतांशी कळतं. त्या चाचणीची पद्धत २०१३ पासून आंतरराष्ट्रीय आहे. अंडं पारदर्शक असतं, त्यामुळे चार दिवस रोज चार गोष्टी पाहता येतात: अंडं गोठून पांढरं पडलं का, पाठीचे खंड तयार झाले का, शेपूट बलकापासून सुटलं का, हृदय धडधडतंय का. इतक्या लहान भ्रूणाला वेदना जाणवण्याची शक्यता फार कमी, म्हणून युरोपचा कायदाही स्वतः खाऊ न लागलेल्या पिल्लाला प्रयोगप्राण्यांत धरत नाही. त्याच्याही पुढे जाऊन रेनबो ट्राउटच्या कल्ल्यांतल्या पेशींवरची चाचणी आली आहे. त्या पेशींचा वाण कॅनडात तयार झाला. आता त्या जगभर काचेच्या बश्यांत वाढतात. २४ तास सांडपाण्यात ठेवायच्या आणि चमकणाऱ्या रंगांनी किती शाबूत राहिल्या ते मोजायचं. २०२१ मध्ये तिलाही आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. ‘मेला की जगला’ एवढंच विचारायचं असेल तर ते पेशींना आणि अंड्यांना विचारा. मोठे मासे नेहमीच्या तपासणीतून वगळा. त्यातून वाचलेली जागा, वेळ आणि माणसं पिल्लांच्या मोजणीला द्या. कल्ल्याची पेशी काही अंडी घालत नाही, ते काम पिसवांनाच करावं लागेल.

चाचणी बदलली तरी एक भोक राहतं आणि ते विज्ञानाचं नाही. औषधं, रंग, कीटकनाशकं यांचं उत्पादन घाण्यांनी, म्हणजे एकेका खेपेने होतं; सोमवारच्या सांडपाण्याचा आणि गुरुवारच्या सांडपाण्याचा एकमेकांशी संबंध नसतो. टाक्या धुतात त्या रात्रीचं पाणी तर वेगळंच. अमेरिकन पद्धतीत नमुना घेतल्यापासून ३६ तासांच्या आत चाचणी सुरू व्हावी लागते, तोवर तो थंडगार ठेवावा लागतो, कारण विष बाटलीतही विरत जातं. एवढा काटेकोरपणा बाटली भरल्यानंतरचा. बाटली भरण्याआधीचा कुठे आहे? एकाच वेळी बुडवून घेतलेल्या बाटलीऐवजी २४ तास थोडंथोडं जमवलेलं पाणी हवं, ते कारखान्याच्या माणसाने जमवलेलं नको, आणि निकाल ‘पास’ या शिक्क्याऐवजी आकड्यांत, तारखेसकट, नदीच्या खालच्या अंगाला राहणाऱ्या कुणालाही वाचता येईल असा जाहीर हवा. नमुना घ्यायला गाडी उद्या दहाला येणार हे आज संध्याकाळी फाटकावर ठाऊक असेल, तर त्या बाटलीतल्या पाण्यात पिसवांना भरपूर पिल्लं होतील.